पालथी बोट

जे घडलं तेवढंच सांगते. माझ्या पदरचं यात काही नाही.

ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते माझे सख्खे मामा. बब्रुवान मामा. आजही भूमच्या आठवडी बाजारात हिंडताना दिसतील. पण त्यांना यातलं काही विचारू नका. ते बोलणार नाहीत. मलाही त्यांनी एकदाच सांगितलं. तेही एसटी स्टँडच्या बाकड्यावर बसून.

घरी नाही.

गोष्ट गेल्या वर्षीच्या वैशाखातली. भूम तालुक्यातलं मामांचं गाव. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, तिथं माणसं राहतात. यात अमावास्या नाही, मध्यरात्र नाही. जे झालं ते सगळं उजेडात झालं. म्हणूनच ते मनातून जात नाही.

गावाच्या खालच्या अंगाला तलाव आहे. तो झाला तेव्हा मामांचं निम्मं रान पाण्याच्या पलीकडं गेलं. उन्हाळ्यात पाणी हटलं की गाळातून चालत जाता येतं. पण तलाव भरला की थर्मोकोलचा तराफा. थर्मोकोलचे तुकडे सुतळीनं बांधायचे, वर एक फळी टाकायची आणि हातानं पाणी मारत जायचं.

तारामती मामी त्यावर बसून रोज पलीकडं जायची. आदल्या पावसाळ्यात तो तराफा भर पाण्यात फुटला. मामीनं बुडालेल्या बाभळीची फांदी धरली आणि गळ्यापर्यंत पाण्यात लटकून राहिली. मामा काठावरून ओरडत होते. पोहता दोघांनाही येत नव्हतं. मासे धरणाऱ्या एकानं हवा भरलेली ट्यूब टाकली, म्हणून ती वाचली.

त्या दिवशी मामांनी ठरवलं. पुढचा पाऊस पडायच्या आत घरची बोट करायची.

मामांना फायबरचं काम येत होतं. शेती बघत बघत ते भूममध्ये कुलरच्या टाक्या आणि फायबरची दारं दुरुस्त करून द्यायचे. नळदुर्गकडचा महांतेश हा त्यांच्या ओळखीचा भंगारवाला. कुठल्याशा तलावावरचं बोटिंग बंद पडलं होतं आणि तिथली एक बोट त्याच्या वखारीमागं पडून होती. मामांनी ती ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घरी आणली.

आठ-दहा माणसं बसतील एवढी बोट. निळा रंग पोपडे धरून सुटलेला. तळाला एक लांब चीर.

गाव हसलं.

"बब्रुवान, आगबोट आणलीस का काय?" शेजारची दगडाबाई ओट्यावरून ओरडली. "तिकीट किती ठेवनार?"

मामाही हसले. चार गडी लावून त्यांनी ती अंगणात कडुलिंबाखाली पालथी घातली. काम तळाचं होतं, पालथी घालावीच लागणार. एक कड जमिनीला टेकली. दुसऱ्या कडेखाली दगड लावले. तिथं वीतभर फट राहिली.

दुसऱ्या दिवसापासून मामा कामाला लागले. ग्राइंडर लावला की पांढरा भुगा अंगणभर उडायचा. अंगाला सुटलेली खाज आंघोळ केली तरी जायची नाही. निळ्या रंगाखाली लाल निघाला. लालाखाली पांढरं फायबर.

पहिली गोष्ट मामीच्या लक्षात आली.

"अहो, कोंबड्या बघा की."

"काय झालं कोंबड्यांना?"

"उन्हात धापा टाकायल्यात. बोटीखाली सावली हाय, पर एक बी तिकडं जाईना."

मामांनी पाहिलं. खरंच. वैशाखाचं ऊन होतं. कोंबड्या चोची उघड्या टाकून भिंतीच्या बोटभर सावलीत दाटीनं उभ्या होत्या. आणि बोटीखालची सगळी सावली... रिकामी.

"भुग्याचा वास येत असंल त्यास्नी," मामा म्हणाले.

कुत्रंही अंगणात यायचं बंद झालं. ते फाटकाबाहेर बसायचं. भाकर टाकली तरी आत यायचं नाही. लांबूनच बोटीकडं बघायचं.

भुंकायचं मात्र नाही. नुसतं बघायचं.

मग एका दुपारी वीज गेली.

ग्राइंडर बंद पडला. अंगणात एकदम शांतता झाली. मामांनी तोंडावरचं फडकं काढलं, घाम पुसला आणि बोटीच्या तळावर तळहात टेकून उभे राहिले.

टक... टक... टक...

आतून.

मामा काही घाबरले नाहीत. फायबर तापलं की वाजतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी हात उचलला आणि जरा पुढं ठेवला.

टक... टक... टक...

आता आवाज तिथून आला. बरोबर तळहाताखालून.

त्यांनी हात पार दुसऱ्या टोकाला नेला.

आतलं काहीतरी सरकलं. ओल्या कापडानं फायबर घासल्यासारखं. मग...

टक.

मामा लगेच खाली बसले आणि फटीतून आत पाहिलं. उजेडातून आलेल्या डोळ्यांना आधी काही दिसेना. मग हळूहळू दिसलं. माती. बोटीच्या आतल्या फळ्या. बाकी काही नाही.

फक्त माती ओली होती.

अंगणात दुसरीकडं पाण्याचा टिपूस नव्हता. बोटीखालची माती मात्र नुकतं पाणी दिलेल्या वाफ्यासारखी. आणि वास... तलावाच्या तळच्या गाळाचा. तलाव तर तेव्हा आटून पार मध्यावर गेला होता.

"तू पानी वतलंस का इथं?" त्यांनी मामीला विचारलं.

"प्यायला पुरंना, वतू कुठून?"

मामांनी विषय सोडला. काम थांबवलं नाही. चीर घासून साफ केली. फायबरचं मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड, कापून बसवलं, रेझिनच्या चिकात ते कडक करणारं हार्डनर कालवून वरून ब्रश मारला. असल्या उन्हात ते बघता बघता दगड व्हायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी बघतात तर मॅट सुटून आलेलं. खालून ओलं. त्यांनी परत बसवलं. परत सुटलं. जणू चिरेतून कुणी आतून तोंडाची वाफ सोडत होतं.

तिसऱ्यांदा मॅट सुटलं तेव्हा मामी जवळच उभी होती. कांदा चिरताना अंगठा कापला म्हणून हळद दाबून त्यावर चिंधी गुंडाळत होती. लाल लुगड्याची चिंधी.

"अहो," ती हळूच म्हणाली, "खरं सांगू का? म्या झाडायला आले की आत कुनीतरी हाय वाटतं. बसलंय... वाट बघत."

"कुनाची वाट?"

"ते कसं सांगू? पर मला लई भ्या वाटाय लागलंय. नगो आपल्याला ही बोट."

"पावसाळ्यात मंग परत त्या तराफ्यावर बसनार हाईस का?"

मामीनं चिंधीची गाठ आवळली.

तिसऱ्या प्रहरी ती पलीकडच्या रानात गेली, शेळ्यांना पाला आणायला. ती गेल्यावर मामांनी महांतेशला फोन लावला, आतून ठोकल्याचं सांगितलं आणि या बोटीचं काय ते विचारलं.

पहिल्यांदा तो टाळत होता. मग म्हणाला, "मालक, तुम्ही ती पालथी ठेवलीय का?"

"व्हय. तळाचं काम हाय."

महांतेशनं आवाज खाली आणला.

"आमच्याकडं ती कायम उताणीच पडलेली. म्हणून कधी काय ऐकू आलं न्हाय बघा. मी काय डोळ्यानं बघितलेलं न्हाय. तिथला बोट चालवणारा सांगत होता, तेवढं सांगतो."

आणि त्यानं सांगितलं.

एका सुट्टीच्या दिवशी ती बोट तलावात उलटली. वाऱ्यानं. सगळी माणसं उलटलेल्या बोटीच्या तळावर चढून बसली. चालवणाऱ्यानं डोकी मोजली. निघताना जेवढी बोटीत बसली होती तेवढी सगळी वर होती. एकही कमी नाही. सगळे देवाचं नाव घेऊन मदतीची वाट बघत बसले.

"आणि मालक... मग खालून ठोकायला लागलं."

"खालून म्हंजे?"

"बोटीच्या आतून. ही सगळी वर बसलेली, आणि खालून कोण तरी ठोकतंय. एका बाईला तर हाक ऐकू आली. तिच्याच पोराचा आवाज. 'आई, मला काढ' म्हणत होता. आणि पोरगं तर तिच्या मांडीवर बसलेलं."



"मंग?"

"दुसरी बोट आली. माणसं काढली. ही सरळ केली. खाली कोण न्हाय, काय न्हाय. त्या दिवसापास्नं तिच्यात कोण बसलं न्हाय. मालक, आजच्या आज ती सरळ करा."

मामांनी फोन ठेवला आणि तसेच बाहेर गेले. गल्लीतल्या चौघांना सांगून आले की जनावरं बांधून झाली की या, बोट सरळ करायचीय. मग अंगणात येऊन ओट्यावर बसले. बोटीकडं पाठ करून.

दिवस मावळतीला टेकला होता. कडुलिंबाची सावली लांबत लांबत भिंतीवर चढली.

झाडावर एक पाखरू नव्हतं.

टक... टक...

मामांनी मान वळवली नाही.

टक... टक... टक...

आणि मग आवाज आला.

"अहो..."

मामीचा आवाज. अगदी हुबेहूब. दम लागल्यासारखा.

"अहो, उचला की वो. दम कोंडलाय माझा."

मामांनी दोन्ही हातांनी ओट्याची कड घट्ट धरली. महांतेशचं बोलणं आत्ताच कानावरून गेलं होतं. मांडीवरचं पोरगं. आईला मारलेली हाक.

"तारा रानात गेलीय," ते मोठ्यानं म्हणाले. स्वतःलाच ऐकू यावं म्हणून.

"मगाच आले की. तुमी गल्लीत गेला व्हता. करडू आत शिरलं म्हनून वाकले, ते आतच अडकले. अहो, बगताय काय नुसतं?"

मामा उठले. बोटीपासून चार हातांवर ते थांबले.

"तू तारा असशील तर मला सांग. तराफा फुटला तवा पान्यात लटकून तू मला काय म्हनलीस?"

आत शांतता.

मामांना वाटलं, पकडलं.

मग आवाज आला. हळू. रडवेला.

"काय बी म्हनले न्हाय म्या. तुमी वरडत व्हता. म्या नुसती तुमच्याकडं बगत व्हते. मनात म्हनलं, ह्यास्नी शेवटचं बगून घ्यावं."

मामा मला हे सांगताना थांबले होते. खूप वेळ. स्टँडवर एक गाडी लागली, भरली, निघून गेली. ती खरंच काही म्हणाली नव्हती. नुसती बघत होती. ही गोष्ट त्यांनी कुणाला म्हणजे कुणाला सांगितली नव्हती.

फटीतून हात बाहेर आला.

मामीचा हात. हिरव्या बांगड्या. अंगठ्याला लाल चिंधी.

मामांनी गुडघे टेकले आणि तो हात धरला.

हात गरम होता. घामेजलेला. जिवंत माणसाचा असतो तसा. त्यानं मामांची बोटं घट्ट आवळली. मामांनी दुसऱ्या हातानं बोटीची कड उचलायचा जोर केला. शिरा ताणल्या. बोट जरा हलली.

"थांब तारा, थांब. काढतो. काढतो तुला."

"कुनाशी बोलायलाव वो?"

मागून.

मामांनी वळून पाहिलं. फाटकात मामी उभी होती. डोक्यावर पाल्याचा भारा. मावळतीचा उजेड तिच्या मागून येत होता. तोंड नीट दिसत नव्हतं. लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत ओला, गाळानं माखलेला.

"तारा?"

"मंग कोन? आन् हात कशाला घातलाय आत? काढा आदी!"

तिनं भारा टाकला. धावत आली आणि मामांचं दुसरं मनगट धरून मागं ओढलं. तिचा हात... रांजणात बुडवून काढल्यासारखा गार होता.

एक हात आत ओढत होता. एक बाहेर.

"अहो, सोडू नगा मला," बोटीखालून आवाज आला. "ती म्या न्हाय. अहो, ती म्या न्हाय..."

मामीनं सगळा जोर लावला. मामांचा पाय दगडाला लागला. दगड निसटला.

धाड!

बोट खाली बसली. फट मिटली. त्या आधीच्या एका क्षणात तो हात मामांच्या मुठीतून सुटला होता.

आतून ठोकणं सुरू झालं. आता टकटक नव्हती. दोन्ही हातांनी, डोकं आपटून, जीव खाऊन कुणी ठोकावं तसं.

मामा बोटीवर झेपावले, पण मामीनं त्यांना सोडलं नाही.

"कुटं निगालाव? चला घरात."

"ऐकू येईना का तुला? आत कुनीतरी..."

"मला तर काय बी ऐकू येईना," मामी म्हणाली. शांतपणे.

मामा ओरडले. गल्लीला हाका मारल्या. आतलं ठोकणं मंद होत गेलं. एक... मग बऱ्याच वेळानं एक... मग...

नाही.

दगडाबाई आली. सांगितलेले चार गडी पळत आले. सगळ्यांनी मिळून बोट उचलली आणि उताणी करून कडेला टाकली.

खाली कुणी नव्हतं.

ओली माती. गाळाचा वास. बस्स.

"काय झालं वो दादा?" एकानं विचारलं.

"ऊन लागलंय त्यास्नी," मामीच बोलली. "दिसभर उघड्या डोक्यानं काम करायल्यात."

माणसं गेली. मामीनं दिवा लावला आणि चूल पेटवली. मामा ओट्यावर बसून होते. किती वेळानं त्यांच्या लक्षात आलं, आपली एक मूठ अजून वळलेलीच आहे.

त्यांनी ती उघडली.

आत लाल चिंधी होती. हळदीनं पिवळी पडलेली.

मामा आत गेले. मामी भाकरी थापत होती. त्यांनी तिच्या अंगठ्याकडं पाहिलं. चिंधी नव्हती.

"अंगठ्याची चिंधी कुठं गेली गं?"

"पडली असंल रानात."

"बघू जखम."

मामीनं अंगठा पुढं केला. पीठ लागलेला. मामांनी ते पुसलं. अंगठ्यावर काही नव्हतं. ओरखडासुद्धा.

"भरली की," मामी म्हणाली. "एवढुशी तर व्हती."

मामांनी स्वतःला हजार वेळा समजावलं आहे. ते मला स्टँडवर पुन्हा पुन्हा तेच सांगत होते. वीतभर फट होती. वीतभर फटीतून माणूस आत जातंय का? न्हाय जात. सगळ्यांसमोर बोट उचलली. खाली कोण होतं का? न्हाय. म्हणजे तारा रानातच होती आणि तारा घरी आली. चिंधी अंगणात आधीच पडली असंल, झटापटीत हाताला लागली असंल. जखम लहान व्हती. भरली.

"व्हय का न्हाय गं?" ते मला विचारत होते.

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

ती चिंधी त्यांनी जपून ठेवली आहे. मला दाखवली नाही. मी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी मामा बोट मोडायला निघाले होते. कटर लावला, वायर जोडली. मामी आडवी आली.

"मोडता कशाला? पुरी करा की. मला पलीकडं जायचंय."

आदल्याच दिवशी 'नगो' म्हणाली होती तीच ही मामी.

मामांनी बोट पुरी केली. पालथी न घालता, दोन बैलगाड्यांच्या मध्ये टांगून, खाली झोपून. या वेळी मॅट पहिल्याच फटक्यात बसलं. दगडासारखं. पुट्टी मारली, घासली, रंग दिला. तलाव भरला तशी बोट पाण्यात गेली. थेंबभर गळत नाही.

मामी एकटीच ती वल्हवत पलीकडं जाते. मामांनी तिच्यात अजून पाय ठेवलेला नाही. तराफा फुटला तेव्हा तू काय म्हणालीस, हा प्रश्नही त्यांनी मामीला विचारलेला नाही. एकदा ओठावर आला होता म्हणे. तिनं त्यांच्याकडं बघितलं आणि तो तिथंच राहिला.

मामांनी हे सगळं सांगितल्यावर मी न राहवून त्यांच्याबरोबर घरी गेले. लहानपणी सुट्टीत मी मामीच्याच हाताखाली वाढले. मला बघायचं होतं.

मामीनं मला जवळ घेतलं. डोक्यावरून हात फिरवला. शेंगदाण्याची पोळी केली. माझ्या नोकरीचं विचारलं, आईच्या गुडघ्याचं विचारलं. सगळं बरोबर होतं. एकही गोष्ट चुकली नाही. संध्याकाळच्या गाडीनं मी तुळजापूरला परतले.

घरी पोचते तोवर मामांचा फोन आला. कुठून तरी बाहेरून बोलत होते. वाऱ्याचा आवाज येत होता.

"नीट पोचलीस का?"

"हो मामा."

"तुझी मामी... कशी वाटली तुला?"

मी म्हणाले, "छान वाटली मामा. नेहमीसारखीच."

फोनमधून नुसता वारा ऐकू येत राहिला. मला वाटलं, फोन कट झाला.

"नेहमी ती माझ्यावर वरडायची," ते म्हणाले. "चाळीस वर्षं झाली. मिठावरनं वरडायची, बिडीवरनं वरडायची. त्या दिसापास्नं एकदा बी वरडली न्हाय गं."

पुढं त्यांना काहीतरी बोलायचं होतं. पण मागून, वाऱ्यातून, मामीचा आवाज आला. अगदी गोड.

"अहो... कुनाशी बोलायलाव वो?"

आणि फोन बंद झाला.

तेव्हापासून मी भूमला गेलेले नाही. मामी अधूनमधून फोन करते. कधी येतेस, म्हणते. सुट्टी नाही, असं मी सांगते.